एमा बोव्हारीच्या सह्या: एका संसाराचं आणि एका कर्जाचं प्रकरण

जानेवारी १८५७. पॅरिसच्या कोर्टात ग्युस्ताव्ह फ्लोबेर हा पस्तीस वर्षांचा लेखक आरोपी म्हणून उभा होता. आदल्या वर्षी ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत त्याची ‘मादाम बोव्हारी’ एका नियतकालिकातून क्रमशः आली होती. सार्वजनिक नीती आणि धर्म या दोहोंना तिने बट्टा लावला, असं सरकारचं म्हणणं. सरकारी वकील एर्नेस्त पिनारने युक्तिवादाच्या ओघात कादंबरीतली पात्रं एकेक करून तपासली आणि विचारलं, या बाईला, म्हणजे नायिका एमाला, दोषी ठरवील असं यात आहे तरी कोण? नवरा? त्याला सगळं कळल्यावरही तो तिच्यावर प्रेमच करत राहतो. लोकमत? ते ओमे नावाच्या हास्यास्पद औषधविक्याच्या तोंडी दिलेलं. धर्म? तो बूर्निसियाँ पाद्र्याच्या हाती, आणि हा पाद्रीही त्या ओमेइतकाच हास्यास्पद.

७ फेब्रुवारीला फ्लोबेर सुटला. पिनार हरला खरा, पण त्याच्याइतकं बारकाईने ही पात्रं फार थोड्यांनी वाचली असतील. त्याचं निरीक्षण बरोबर होतं, या पुस्तकात एमाचा न्याय करायला कुणी बसलेलं नाही. मात्र तिचा हिशेब ठेवणारा एक माणूस अगदी चोख बसलेला आहे, आणि त्याच्याकडे पिनारचं फारसं लक्ष गेलेलं दिसत नाही.

पहिल्या वाचनात माझंही गेलं नव्हतं. कंटाळलेली बायको, बावळट नवरा, दोन प्रियकर, शेवटी विष, एवढंच लक्षात राहिलं होतं. दुसऱ्यांदा वाचताना शेजारी एक वही ठेवली आणि जिथे जिथे रक्कम आली तिथे ती उतरवून घेतली. कुणी दिली, कुणी घेतली, कुणी सही केली. वही भरत गेली तशी पात्रांची उतरंड बदलत गेली. प्रियकर खाली घसरले, आणि कापडाचा एक दुकानदार हळूहळू वर येऊन बसला.

आधी कायदा बघायला हवा, कारण या सगळ्या माणसांच्या पायाखाली तोच आहे. कथा घडते नॉर्मंडीत, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. फ्रान्समध्ये १८१६ साली घटस्फोट बंद झाला होता, तो पुन्हा आला १८८४ मध्ये. म्हणजे बोव्हारी दांपत्याला वेगळं होण्याची वाटच नव्हती. नेपोलियनच्या संहितेनुसार लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीवाचून मालमत्ता घेता, विकता किंवा गहाण टाकता येत नव्हती. व्यभिचार सिद्ध झाला तर बायकोला तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद. नवऱ्याने मात्र ठेवलेली बाई थेट घरात आणून ठेवली तरच गुन्हा, आणि त्यालाही फक्त दंड. थोडक्यात, बाईने काहीही करायचं तर नवऱ्याचा होकार लागतो. हे लक्षात ठेवून एमाच्या नवऱ्याकडे, शार्ल बोव्हारीकडे, पाहिलं की तो निराळाच दिसू लागतो. कारण शार्ल हा माणूस आयुष्यभर होकार देत आला आहे.

त्याचं पहिलं लग्न आईने लावलेलं. बायको एलोईझ ही दिएपमधल्या एका बेलिफाची विधवा, वय पंचेचाळीस, वर्षाचं उत्पन्न १,२०० फ्रँक. म्हणजे लग्न त्या उत्पन्नाशीच. पुढे तिचा पैसा सांभाळणारा नोटरी तो घेऊन पळाला, सांगितलेली मालमत्ता पोकळ निघाली, सासू-सासऱ्यांनी घरी येऊन तमाशा केला आणि आठवड्याभरात ती रक्त ओकून मेली. कादंबरीतली ही पहिली दिवाळखोरी. एमा अजून घरात आलेलीही नाही. तरी पुढचं सगळं इथे लहान मापात घडून गेलेलं आहे: कागदावरचा पैसा, भरवशाचा वाटणारा नोटरी आणि बाईचा मृत्यू.

दुसरं लग्नही व्यवहारातूनच जुळतं. बर्तोच्या शेतावर म्हाताऱ्या रूओचा पाय मोडतो. शार्ल तो बसवतो आणि त्याला ७५ फ्रँक आणि एक टर्की कोंबडी मिळते. रूओ शेतीत तोट्यात असतो, त्याला जमीन विकायची पाळी आलेली, गवंड्याचं आणि खोगीरवाल्याचं देणं थकलेलं. त्याची मुलगी एमा कॉन्व्हेंटात शिकून आलेली, शेतावर काही उपयोगाची नाही. शार्ल हुंड्यासाठी घासाघीस करणार नाही एवढं म्हातारा ओळखतो आणि मनात ठरवतो, मागणी घातली की देऊन टाकू. लग्नाला त्रेचाळीस पाहुणे आणि सोळा तास पंगत. आपल्याकडच्या वाचकाला हा भाग परका वाटू नये. ऐपत नसताना घातलेला मांडव कुठलाही असो, त्याचं बिल पुढच्या प्रकरणांत येतंच.

शार्लबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण त्याला मूर्ख म्हणून सोडून देणं फार सोपं आहे. तो पूर्ण डॉक्टर नाही. १८०३ च्या कायद्याने फ्रान्समध्ये दुय्यम दर्जाच्या वैद्यांचा एक वर्ग केला होता. त्यांनी आपल्याच जिल्ह्यात काम करायचं, आणि मोठी शस्त्रक्रिया पदवीधर डॉक्टरच्या देखरेखीशिवाय करायची नाही. आपल्याकडे एमबीबीएसच्या खालोखाल एलसीपीएस असत, साधारण तसा प्रकार. रात्री-अपरात्री घोड्यावर बसून हा माणूस खेडोपाडी जातो, घामाघूम होऊन परततो, जेवतो, झोपतो. त्याचं बोलणं रस्त्याकडेच्या फरसबंदीसारखं सपाट, असं फ्लोबेर म्हणतो. पण एमाचा खरा राग त्याच्या सपाटपणावर नाही. तो सुखी आहे याचा तिला राग येतो. तिला जे जे डाचतं, त्यातच तो समाधानाने पाय पसरून बसलेला असतो. आणि तो खोलात जाऊन कधी काही विचारत नाही. घरात पैसा कुठून येतो, बायको आठवड्यातून एकदा शहरात का जाते, कशाच्याच मुळाशी तो जात नाही. बिचारा म्हणून त्याच्याविषयी कळवळा येतो, मलाही येतो. पण न विचारणं हाही एक स्वभाव आहे, आणि त्याची किंमत घरातल्या दुसऱ्या माणसाला मोजावी लागते.

एमाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी आखडतं घेतो. कॉन्व्हेंटात एक म्हातारी शिवणकाम करायला यायची, ती मुलींना चोरून कादंबऱ्या पुरवायची. व्होबियेसारच्या वाड्यावर एका रात्रीची मेजवानी आणि नाच, परतताना वाटेत सापडलेलं हिरव्या रेशमाचं सिगारपाकीट. मग पॅरिसचा नकाशा विकत घेऊन त्यावर बोट फिरवत बसणं. तोस्त हे पहिलं गाव सोडून योनव्हिल या गावी बिऱ्हाड हलवेपर्यंत तिचा सगळा हुंडा, एक्यू नावाच्या तीन हजार नाण्यांहून जास्त, दोन वर्षांत संपलेला असतो. बिऱ्हाडाच्या गाडीवरून बागेतला पाद्र्याचा प्लास्टरचा पुतळा पडतो आणि त्याचे तुकडे होतात. ही नोंद फ्लोबेरने हुंड्याच्या शेजारीच ठेवली आहे. त्यावर एक शब्द तो बोलत नाही.

योनव्हिलमध्ये बाकीची मंडळी भेटतात. सगळे शेजारधर्माने वागणारे, आणि प्रत्येकाला बोव्हारींकडून काही ना काही हवं असलेलं. औषधविक्या ओमे पहिल्या दिवसापासून मधाळ. कारण? वैद्यकीचा परवाना नसताना हा दुकानाच्या मागच्या खोलीत रोगी तपासतो, आणि त्यापायी एकदा रुआँ शहरात त्याला बोलावून दमही दिलेला आहे. गावात नवा वैद्य आला की त्याला आधी उपकारात गुंतवून ठेवायचं, म्हणजे पुढे काही दिसलं तरी तो तोंड उघडणार नाही. वर्तमानपत्र पाठवणं, लोणी कुठे स्वस्त मिळतं ते सांगणं, सगळं त्याच हिशेबात. पुढे हाच ओमे पायाच्या शस्त्रक्रियेचं खूळ काढतो. खानावळीतला तबेल्यावरचा पोऱ्या इप्पोलीत पायाने अधू, तो तसाच टणाटण धावत काम करत असतो. ओमेला वर्तमानपत्रात लेख लिहायचा असतो, एमाला प्रसिद्ध नवरा हवा असतो. शार्ल होकार देतो. पाय सडतो, नफशातेलहून डॉक्टर कानिव्हे येऊन तो मांडीपासून कापतो. शार्लला ज्याची सनदच नव्हती असं काम त्याने दोघांच्या हौसेखातर केलं. मग एमा ३०० फ्रँकांचा लाकडी पाय आणून इप्पोलीतला भेट देते. वहीत ही रक्कम लिहिताना माझा हात थबकला होता. त्या पायाची टकटक फरशीवर ऐकू आली की शार्ल पुढे रस्ता बदलतो.

तो लाकडी पाय मागवून देणारा माणूस म्हणजे तो कापडाचा दुकानदार, लेरो.

फ्रेंचमध्ये त्याच्या नावाचा अर्थ सुखी, भाग्यवान. दक्षिणेकडच्या गास्कनीत जन्मलेला आणि नॉर्मंडीत मुरलेला. आधी काय करायचा याबद्दल गावात एकमत नाही. कुणी म्हणे फेरीवाला होता, कुणी म्हणे सावकारी करायचा. पहिल्या भेटीत तो एमाला गळपट्टे आणि कशिद्याच्या कॉलरी दाखवतो, ती काही घेत नाही, तो आग्रह करत नाही. जाता जाता एवढंच म्हणतो की पैशांची घाई नाही, आणि कधी नड पडली तर तीही भागवता येईल. अशी माणसं कुठल्याही तालुक्याच्या बाजारपेठेत दिसतात. हसतमुख, वाकून बोलणारी, उधारीला नाही न म्हणणारी.

रोदोल्फ आणि लेओं या दोन प्रियकरांना वहीत जागा थोडी लागते. रोदोल्फ चौतिशीचा जमीनदार, वर्षाचं उत्पन्न १५ हजार, बाईला कशी गळाला लावायची आणि नंतर कसं सुटायचं, दोन्हींचा विचार आधीच करून बसलेला. लेओं नोटरीचा कारकून, भित्रा, हळवा, पुढे धीट झालेला. वाचताना एक गोष्ट मात्र मला पुन्हा पुन्हा खटकली. दोन्ही प्रकरणांना नवऱ्याची परवानगी आहे. घोडेस्वारीने तब्येत सुधारेल म्हणून शार्ल रोदोल्फला स्वतः पत्र लिहितो की माझी पत्नी आपल्या सेवेला तयार आहे. रुआँच्या नाट्यगृहात लेओं भेटतो तेव्हा एमाने आणखी एक दिवस राहावं, हे सुचवणाराही शार्लच. बाईला प्रत्येक गोष्टीला नवऱ्याचा होकार लागावा असा कायदा ज्यांनी केला, त्यांच्या डोळ्यांसमोर शार्लसारखा नवरा आला नसावा.

रोदोल्फला सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या मुठीचा चाबूक द्यायचा असतो, लेरो तो आणतो आणि दुसऱ्याच दिवशी २७० फ्रँकांचं बिल ठेवतो. एमा नवऱ्याच्या एका रोग्याकडून आलेले १५ नेपोलियन, म्हणजे ३०० फ्रँक, परस्पर उचलते आणि भागवते. घरातली पहिली चोरी ही. शार्लच्याच कष्टाच्या पैशातून त्याच्या बायकोच्या प्रियकराचा चाबूक येतो. पुढे रोदोल्फ जर्दाळूच्या टोपलीत चिठ्ठी ठेवून पळून जातो, एमा त्रेचाळीस दिवस अंथरुणात. शार्ल काम सोडून तिच्या उशाशी बसतो, उत्पन्न थांबतं आणि लेरो बिलं घेऊन दारात येतो. आता सही शार्लची. तो हजार फ्रँक मागतो. लेरो १,०७० ची कर्जाची चिठ्ठी लिहून घेतो, आधीच्या १८० सह बरोबर १,२५०. सहा टक्के व्याज, वर दलाली, आणि मालावरचा नफा कमीत कमी एक तृतीयांश, ही आकडेमोड फ्लोबेर लेरोच्या डोक्यातून थेट पानावर उतरवतो. वाचणाऱ्याला इथे अंगावर शहारा यायला हवा. बाई मरणाच्या दारात आहे, नवरा रडतो आहे, आणि एक माणूस शांतपणे बेरीज करतो आहे.

यानंतर येतो तो कागद ज्याच्याभोवती हे सगळं प्रकरण फिरतं. शार्लचे वडील वारतात, थोडी मालमत्ता येते, आणि सांत्वनाला आलेला लेरो कुलमुखत्यारपत्राची गोष्ट काढतो. नवऱ्याच्या वतीने पैसे उचलणं, चिठ्ठ्यांवर सही करणं, देणी देणं, सगळा अधिकार बायकोकडे. एमा मसुदा मिळवते आणि शार्लसमोर ठेवते. हा कुठून आला, असं तो विचारतो. गावातला नोटरी गियोमांकडून, ती सांगते, आणि वर म्हणते, नोटऱ्यांचा भरवसा नसतो, कुणाचा तरी सल्ला घ्यायला हवा, पण आपल्या ओळखीचं कोण आहे? शार्ल विचार करतो आणि नाव सुचवतो: लेओं. पत्राने काम होणार नाही म्हणून ती स्वतः जायला तयार होते. किती चांगली आहेस गं तू, असं म्हणून शार्ल तिच्या कपाळावर ओठ टेकवतो. ती तीन दिवस रुआँला राहते.

संसार जिथे उलटतो ते पान हेच, असं मला वाटतं. दोन्ही रस्ते, शेज आणि सही, एकाच प्रवासात जुळतात आणि दोन्हींना संमती नवऱ्याची. शिवाय गियोमांची लेरोशी आतून भागीदारी आहे. लोकांना गहाणावर देण्यासाठी त्याच्याकडे येणारा पैसा लेरोचाच असतो. म्हणजे विहीर खणणारा आणि दोर पुरवणारा एकच. हे वाचकाला बऱ्याच उशिरा, जाता जाता कळतं.

मग दर गुरुवारी पियानोच्या शिकवणीच्या नावाखाली रुआँला लेओंची भेट. एकदा लेरो एमाला हॉटेलातून लेओंच्या हातात हात घालून बाहेर पडताना पाहतो. ती घाबरते की हा बोलेल. तो मूर्ख नाही, बोलून त्याला काय मिळणार? तीन दिवसांनी येतो आणि सुमारे २ हजारांची थकबाकी पुढे करतो. पैसे नाहीत? मग सासऱ्यांकडून आलेली बार्नव्हिलची जागा आहे ना. जागा आहे हे त्याला माहीत, गिऱ्हाईकही तोच आणतो, भाव ४ हजार. निम्मी रक्कम हातात पडते, एमा देणं फेडायला निघते तर हा म्हणतो, एवढा पैसा एकदम हातचा जाऊ द्यायचा म्हणजे जिवावर येतं हो. हजार हजारांच्या चार चिठ्ठ्यांवर सही करा आणि हे सगळं ठेवून घ्या. चिठ्ठ्या रुआँमधल्या व्हँसार या सावकाराकडे वटवल्या जातात, जुनं देणं वळतं करून तिला २ हजार यायला हवेत, येतात १,८००. दोनशे हुंडणावळ. शेतकऱ्याचं पीककर्ज दरसाल फिरवतात त्याला आपल्याकडे नवं-जुनं करणं म्हणतात. तेच हे. जुनं फिटत नाही, नव्याच्या पोटात जाऊन बसतं.

सासूला वास लागतो. थोरल्या मादाम बोव्हारी येतात, कटकट करतात आणि मुखत्यारपत्र आगीत टाकतात. या बाईला सगळे वाचक खाष्ट म्हणून मोडीत काढतात. पण हिशेबाच्या वहीत अख्ख्या घरात एकटीला धोका दिसला तो तिलाच. तिच्या पाठोपाठ शार्ल बायकोची समजूत काढतो आणि तिला घेऊन स्वतः गियोमांकडे जातो, तसाच दुसरा कागद करून द्यायला. शास्त्राला वाहिलेल्या माणसाने व्यवहाराच्या बारीकसारीक गोष्टींत कशाला अडकावं, असं म्हणून नोटरी त्याची समजूत घालतो.

इथे एक आक्षेप येईल की एमा काही अडाणी नाही, तिने डोळे उघडे ठेवून सह्या केल्या. खरं आहे. ती नवऱ्याच्या रोग्यांना परस्पर बिलं धाडते आणि खाली ओळ लिहिते, माझ्या नवऱ्याला सांगू नका, तो फार मानी आहे. ती खोटं सफाईने बोलते, पोटच्या मुलीला, बर्तला, एकदा ढकलून देते. तिला निव्वळ बळी ठरवलं तर ती उरतच नाही. पण सही करताना तिच्या हातात जो आनंद आहे तो नुसत्या उधळेपणाचा मला वाटत नाही. ज्या बाईला स्वतःच्या नावावर काहीच करता येत नाही, तिला कागदावर आपलं नाव उमटलेलं पाहणं म्हणजे काय असेल? लेरोने तिला गळपट्टे विकले, पडदे विकले, आणि सोबत ही चैनही विकली. सगळ्यांत महाग तीच पडली.

शेवटी कोर्टाचा हुकूम. चोवीस तासांत ८ हजार फ्रँक. बेलिफ आरां दोन पंचांना घेऊन येतो आणि घरातली चीजवस्तू लिहून काढतो. प्रेताची चिरफाड करावी तसा तिचा संसार उलगडला जातो, अशी उपमा फ्लोबेर देतो, आणि तो सर्जनचा मुलगा आहे हे इथे विसरता येत नाही. त्यानंतर एमा दारोदार फिरते. लेओंला ती कचेरीच्या तिजोरीकडे बोट दाखवते, तो गळपटतो. गियोमां पैशांच्या बदल्यात काय हवं ते गुडघे टेकून सांगतो. मी विकाऊ नाही, म्हणून ती बाहेर पडते. करवसुली करणारा बिने माळ्यावर चरकावर लाकूड कातत बसलेला, तो तर दचकून मागेच सरतो. मग रोदोल्फ. ३ हजार. माझ्याकडे नाहीत, तो म्हणतो, आणि खोटं बोलत नसतो. प्रेमावर येणाऱ्या साऱ्या वादळांत पैशाची मागणी सगळ्यांत गारठवणारी, असं कथनात येतं. शेवटचं दार ओमेचं. तिथे कुणी पैसे मागत नाही. नोकर पोरगा तिच्यावर जीव टाकणारा, त्याच्याकडून किल्ली मिळते आणि निळ्या बरणीतलं सोमल हे विष ती मुठीने खाते.

एका माणसाकडे मात्र ती जात नाही. घरात बसलेल्या शार्लकडे. त्याने क्षमा केली असती, हे तिला माहीत आहे आणि तेच तिला सहन होत नाही.

मागे ठेवलेल्या चिठ्ठीची सुरुवात अशी: कुणालाही दोष देऊ नये. आणि बऱ्याच दिवसांनी रोदोल्फ बाजारात भेटतो तेव्हा शार्ल म्हणतो, दोष नशिबाचा. पिनार जे कोर्टात विचारत होता, त्याचं उत्तर नवरा-बायकोने एकमेकांना न विचारता असं सारखंच देऊन ठेवलं होतं.

वही इथे बंद होत नाही. पियानोची शिक्षिका सहा महिन्यांच्या शिकवणीचे पैसे मागते, जी एकदाही झालेली नाही. वाचनालय तीन वर्षांची वर्गणी मागतं. बर्तला दूध पाजणारी दाई वीसेक पत्रांच्या टपालाचं मागते. मोलकरीण एमाचे कपडे उचलून यारासोबत पळते. लेरो व्हँसारला पुन्हा पुढे करतो, आणि शार्ल, तिची एकही वस्तू विकायची नाही म्हणून, वाटेल त्या रकमेवर सही करत जातो. शेवटी तो बागेत बाकावर तिच्या केसांची बट हातात धरून मरतो. ओमेला सरकारी मानाचा क्रॉस मिळतो. सगळं विकून झाल्यावर १२ फ्रँक ७५ सेंतीम उरतात, ते बर्तला आजीकडे पाठवण्याच्या प्रवासखर्चात जातात. आजी त्याच वर्षी मरते. मग एक गरीब आत्या तिला घेऊन जाते आणि पोटासाठी सूतगिरणीत कामाला लावते.